विरून गेलेल्या धुराचं पुढे काय होतं

धुराकडे आपण तो दिसतो तोवरच बघतो. तो वर चढतो, वाऱ्याबरोबर कलतो, पांगतो, फिकट होतो आणि आभाळात मिसळून जातो. मिसळला की आपल्या लेखी विषय संपतो. रागही तिथेच संपतो, कारण ज्याच्याकडे बोट दाखवायचं तेच दिसेनासं झालेलं असतं. वातावरणाच्या रसायनशास्त्राचा विषय मात्र तिथून पुढे सुरू होतो. धुरातले वायू उन्हात फुटतात, एकमेकांना भेटतात, धुक्याच्या थेंबात विरघळतात, अंधार पडल्यावर दिवसापेक्षा वेगळे वागतात. काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी, कित्येकदा शेकडो किलोमीटर पुढे जाऊन, त्यांचं भलतंच काहीतरी झालेलं असतं. आपण श्वासावाटे जे बारीक कण आत घेतो, त्यांतला मोठा भाग हा असा नंतर तयार झालेला असतो.

हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते, आणि ती रास्त आहे. घाण कुणीतरी करतं, मग ती पसरते, हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. कुणीही जशीच्या तशी न सोडलेली घाण हवेतल्या हवेत तयार होते, हे पचायला जड जातं. मला मात्र या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. ते एकदा नीट कळलं की प्रदूषणाबद्दलचे आपले बरेचसे वाद वेगळ्या उजेडात दिसू लागतात.

माझं काम एरोसोलचं. हवेत तरंगणारे घन किंवा द्रव कण म्हणजे एरोसोल. धूळ, काजळी, समुद्राचं मीठ, परागकण, आम्लाचे थेंब हे सगळं त्यात आलं. ते मोजायची जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे हवा फिल्टरमधून ओढायची आणि फिल्टर किती जड झाला ते बघायचं. सॅम्पलर, म्हणजे हवा ओढणारं यंत्र, मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे चोवीस तासांत २४ घनमीटर. आत शिरताना हवेला झटकन वळण घ्यावं लागेल अशी त्याची रचना असते. मोठ्या कणांना ते वळण जमत नाही, ते आदळून तिथेच राहतात. बारीक कण हवेबरोबर वळतात आणि फिल्टरपर्यंत पोचतात. हा उंबरठा २.५ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठेवला की जे हाती लागतं त्याला पीएम २.५ म्हणायचं. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, त्यावरून अंदाज यावा.

फिल्टर टेफ्लॉनचा, ४७ मिलिमीटर व्यासाचा. तोलायच्या आधी तो चोवीस तास ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या खोलीत ठेवायचा, कारण दमट हवेत कण पाणी धरतात आणि ते पाणी वजनात येतं. मग चिमट्याने फक्त कडेला धरायचं. टेफ्लॉनवर स्थिर वीज साठते, तेवढ्यानेही काट्यावरचा आकडा पळतो, म्हणून ती आधी घालवायची. काटा ग्रॅमचा दहा लाखावा भाग दाखवतो. कुणी दार उघडलं तरी शेवटचा आकडा हलतो. घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम कण, म्हणजे चांगलीच खराब हवा असली, तरी दिवसभरात फिल्टरवर दीड मिलिग्रॅमसुद्धा जमत नाही. मोहिमेवर काही फिल्टर नुसते नेऊन, सॅम्पलरमध्ये बसवून, हवा न ओढता परत आणतात. त्यांनाही तितक्याच काळजीने तोलतात, कारण हाताळण्यानेच किती वजन वाढलं हे कळल्याशिवाय बाकीच्या वजनांना अर्थ नसतो. या कोऱ्या फिल्टरांवर मी नवख्या मुलांशी सगळ्यात जास्त बोलते. हवेबद्दल काहीही म्हणण्याचा अधिकार त्यांच्यातून येतो.

वजनाच्या आधी रंग दिसतो. करडा-काळा फिल्टर आला की काजळी, काहीतरी अर्धवट जळलेलं. तपकिरी झाक असली तर माती किंवा लाकूडफाट्याचा धूर. आणि अधूनमधून एखादा फिल्टर असा येतो की तो जवळपास पांढराच असतो, आणि काटा मात्र त्याचं वजन भरपूर वाढल्याचं सांगतो. अशा फिल्टरपाशी मी अजून थबकते. तो पाण्यात टाकून काढला, ते पाणी आयन क्रोमॅटोग्राफमधून, म्हणजे विरघळलेले क्षार वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून, पाठवलं की आलेखावर एकामागून एक शिखरं वर येतात: अमोनियम, नायट्रेट, सल्फेट. हे क्षार पांढरे असतात, म्हणून डोळ्यांना काही दिसलं नव्हतं.

हा अमोनियम नायट्रेट कुठल्या चिमणीतून आला? कुठल्याच नाही. इंजिनांतून आणि भट्ट्यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडले. दिवसा उन्हात आणि रात्री ओलसर कणांच्या पृष्ठभागावर त्यांचं नायट्रिक आम्ल झालं. दुसरीकडे जनावरांच्या मलमूत्रातून आणि युरिया टाकलेल्या शेतांतून अमोनिया वर आला. गार, दमट हवेत दोघं एकत्र आले आणि घनरूप क्षार झाला. गाडी चालवणाऱ्याने तो सोडलेला नाही, शेतकऱ्यानेही नाही, आणि दोघांपैकी एकाला वगळलं तर तो होतही नाही. शिवाय हा क्षार टिकाऊ नसतो. ऊन चढलं की त्याचे पुन्हा दोन वायू होऊन उडून जातात. फिल्टर गरम जागी राहिला तर त्यातला पुरावाही असाच उडतो, म्हणून नमुने थंड पेटीतून आणतात. सकाळी जे विष कणाच्या रूपात होतं ते दुपारी वायूच्या रूपात असू शकतं, आणि नुसत्या कणांचा आकडा बघणाऱ्याला वाटतं की हवा सुधारली.

या सगळ्याची पहिली मोठी उकल झाली ती लॉस एंजेलिसमध्ये, आणि ती ज्याने केली त्याचं आयुष्य मला फार जवळचं वाटतं. १९४३च्या जुलैमध्ये त्या शहरावर असं धुरकं उतरलं की डोळे चुरचुरू लागले, घसे दुखू लागले, समोरच्या इमारती दिसेनात. युद्ध चालू होतं. काहींना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. मग संशय कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाईन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. कारखाना थांबला, धुरकं थांबलं नाही. नंतर गंधकाच्या धुरावर बोट ठेवलं गेलं, कारण कोळसा जाळणाऱ्या लंडनसारख्या शहरांचा अनुभव तोच होता. पण लॉस एंजेलिसचं धुरकं वेगळं वागत होतं. ते थंडीत नव्हे, लख्ख उन्हाच्या दिवसांत वाढायचं. पिकांच्या पानांवर चट्टे उमटायचे ते गंधकाच्या वायूने उमटतात तसे नव्हते. आणि रबर तडकायचं.

आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच शास्त्रज्ञ तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. फळातून निघणारे सुगंधी वायू अतिथंड सापळ्यात गोठवायचे आणि त्यांत काय काय आहे ते वेगळं करायचं, हे त्याचं कसब. त्याने तोच सापळा शहराच्या हवेला लावला. हाती उग्र वासाचा तपकिरी द्रव आला, त्यात अल्डिहाइडं आणि सेंद्रिय आम्लं. म्हणजे अर्धवट ऑक्सिडीकरण झालेले, ऑक्सिजनशी जोडले गेलेले, पेट्रोलचे अवशेष. मग त्याने प्रश्न उलटा केला: पेट्रोलच्या वाफांना इतकं ऑक्सिडीकृत करणारं हवेत आहे तरी काय? त्याने बंद पेटीत पेट्रोलच्या वाफा, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऊन एकत्र आणलं. पेटीतल्या रोपांच्या पानांवर शेतातल्यासारखेच चट्टे उठले. ओझोन मोजायला त्याने वाकवून ताण दिलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या. ओझोन जितका जास्त, तितक्या लवकर पट्टीवर पहिली भेग. हवेतला वायू मोजायला घड्याळ आणि रबराचा तुकडा पुरला.

ओझोन कुठलीच गाडी सोडत नव्हती. तो उन्हात, हवेत, गाड्यांनी सोडलेल्या दोन वेगळ्या गोष्टींपासून होत होता. १९५२ साली हे त्याने सविस्तर मांडलं. तेल उद्योगाच्या बाजूने त्याच्या निष्कर्षांवर जाहीर शंका घेतली गेली. तो खरं तर आपल्या वनस्पतींकडे परतण्याच्या विचारात होता. त्या शंकांनी इतका संतापला की धुरक्याच्याच कामाला लागला आणि पुढे १९६८मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला. अननसाचं शास्त्र काय गमावून बसलं ते माहीत नाही, पण या विषयाचा पाया त्या संतापावर उभा आहे.

त्या पेटीतलं रसायन थोडं सावकाश बघण्यासारखं आहे. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलं की त्यातला एक ऑक्सिजन अणू सुटतो. तो शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि ओझोन होतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड लगेच तोच ओझोन खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. हिशोब शून्य. एवढंच असतं तर ओझोन साठलाच नसता. पण हवेत पेट्रोलच्या, रंगांच्या, झाडांच्या सेंद्रिय वाफा असल्या की त्यांच्यापासून झालेले रॅडिकल, म्हणजे लगेच कुणाशीतरी जोडले जाऊ पाहणारे रेणूंचे तुकडे, नायट्रिक ऑक्साइडला परस्पर नायट्रोजन डायऑक्साइड करून टाकतात, ओझोनला हात न लावता. ओझोन खाणारा तिथेच अडवला जातो, ओझोन करणारा पुन्हा तयार, आणि ओझोन चढत जातो.

यातून एक विचित्र गोष्ट निघते, आणि धोरण ठरवणाऱ्यांना ती ऐकायला आवडत नाही. दाट रहदारीच्या भागात नायट्रोजनचे ऑक्साइड इतके असतात की ते ओझोनला दाबून ठेवतात. तिथे ते थोडे कमी केले तर ओझोन वाढतो. लॉस एंजेलिसमध्ये शनिवार-रविवारी ट्रक कमी असायचे आणि ओझोन जास्त निघायचा. याचा अर्थ ट्रक हवेत असा नाही. दोन्ही कच्चे माल एकत्र आणि पुरेसे कमी करावे लागतात, आणि कुठे कुठला आधी हे त्या जागेची हवा मोजल्याशिवाय सांगता येत नाही. सगळीकडे एकच उपाय लावणाऱ्या योजनांबद्दल मला म्हणूनच भरवसा वाटत नाही.

या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी एक रेणू आहे, ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचा एक. हायड्रॉक्सिल रॅडिकल. ओझोन उन्हात फुटतो, त्यातला ऑक्सिजन पाण्याच्या वाफेला भिडतो आणि हा जन्मतो. तो सेकंदभरही जगत नाही, समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. दिवसा हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये असे साधारण दहा लाख असतात, म्हणजे हवेच्या सुमारे पंचवीस लाख कोटी रेणूंमागे एक. इतक्या थोड्यांवर सगळ्या वातावरणाची साफसफाई चालते. मिथेन सुमारे दहा वर्षांत आणि कार्बन मोनॉक्साइड काही महिन्यांत हवेतून नाहीसा होतो तो मुख्यतः याच्यामुळे. हा रॅडिकल फक्त वरच्या थरांत महत्त्वाचा, असं १९७०पर्यंत समजलं जायचं. १९७१मध्ये हायरम लेव्ही या तरुण संशोधकाने दाखवलं की तो आपल्या डोक्याशेजारच्या हवेतही पुरेसा असला पाहिजे. त्या एका लेखानंतर खालची हवा ही नुसती साठवण राहिली नाही.

आणि हाच सफाई करणारा घाणही करतो. सल्फर डायऑक्साइडचं सल्फ्युरिक आम्ल करतो, नायट्रोजन डायऑक्साइडचं नायट्रिक आम्ल करतो, सेंद्रिय वाफांना असे जड करून सोडतो की त्या वायुरूपात राहूच शकत नाहीत आणि कणांवर जाऊन बसतात. वायू साफ होतो, कण वाढतो.

वाफेचा कण होतो हे डोळ्यांनी दिसलं होतं ते या शोधांच्या कितीतरी आधी. १८६८-६९च्या सुमारास जॉन टिंडलने काचेच्या लांब नळीत काही सेंद्रिय वाफा भरल्या आणि त्यांतून प्रखर प्रकाशझोत सोडला. थोड्या वेळाने रिकाम्या दिसणाऱ्या नळीत निळसर ढग उमटला. त्याला रस होता आकाशाच्या निळेपणात. प्रत्यक्षात त्याने प्रकाशाने वायूंचे कण करून दाखवले होते. पुढे १९६०मध्ये फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने म्हटलं की दूरच्या जंगलडोंगरांवर जी निळी झाक दिसते ती झाडांनी सोडलेल्या टर्पिन नावाच्या वाफांपासून हवेत तयार झालेल्या कणांची आहे. पाइनच्या झाडाखाली येणारा वास तो या टर्पिनांचा.

जंगलंही कण करतात हे खरं असल्याने काही लोक त्याचा ढाल म्हणून वापर करतात: निसर्गच प्रदूषण करतो, मग आम्हाला का बोलता? त्यांना उत्तर आहे, आणि ते मोजून मिळालेलं आहे. झाडांच्या वाफा असतातच. पण त्यांपासून किती कण होणार हे हवेत आधीच माणसाचे सल्फेट आणि नायट्रोजनचे ऑक्साइड किती आहेत यावर बऱ्याच अंशी ठरतं. जंगलावरच्या धुरकट झाकेतला बराच वाटा आपण आपला उपद्रव कमी केला की कमी होऊ शकतो.

फिनलंडमध्ये ह्युतियाला नावाच्या जागी पाइनच्या जंगलात एक केंद्र आहे. तिथे १९९६पासून कणांच्या आकारांची अखंड नोंद चालू आहे. स्वच्छ हवेच्या एखाद्या वसंतातल्या सकाळी ऊन चढतं आणि यंत्रावर दोन-तीन नॅनोमीटरचे (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन) असंख्य कण अचानक उगवतात. दुपारपर्यंत ते दहा-वीस नॅनोमीटरचे होतात, रात्रीपर्यंत पन्नासच्या आसपास. आलेखावर वेळ आडवी, आकार उभा, आणि मध्ये वर वळत गेलेला रंगीत पट्टा. त्या आकारामुळे या क्षेत्रात त्याला सगळे 'केळं' म्हणतात. पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा मी बराच वेळ हललेच नव्हते. काहीही नसलेल्या हवेतून कण जन्मताना आणि वाढताना दिसत होते. त्यांना जन्माला घालायला सल्फ्युरिक आम्लाचे मोजके रेणू, थोडा अमोनिया किंवा अमाइन (अमोनियाचे सेंद्रिय भाऊबंद) आणि झाडांच्या वाफांचे जड रेणू पुरतात. हेच कोडं सोडवायला सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेत २६ घनमीटरची पोलादी टाकी बांधली गेली, आत अत्यंत शुद्ध हवा, आणि एकेक घटक किती सोडायचा ते संशोधकांच्या हातात. तिथे २०११मध्ये दिसलं की अमोनियाचा अगदी लेश सोडला तरी कण जन्मण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो, आणि २०१६मध्ये दिसलं की सल्फ्युरिक आम्ल नसतानाही नुसत्या झाडांच्या वाफांपासून कण होऊ शकतात.

वाढता वाढता हे कण ०.१ ते १ मायक्रॉनच्या पट्ट्यात येऊन अडकतात. त्याहून लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा फिरतात आणि कुठेतरी चिकटतात. मोठे जड असतात, खाली बसतात. मधल्यांना यांतलं काहीच जमत नाही. त्यामुळे ते पाऊस येईपर्यंत, साधारण आठवडाभर, हवेत राहतात आणि लांबचा प्रवास करतात. नाकातले केस, श्वासनलिकेचे फाटे यांच्याही तावडीतून हा आकार सुटतो आणि पार वायुकोशांपर्यंत जातो.

तिथे गेल्यावर काय होतं, हे लंडनने १९५२च्या डिसेंबरमध्ये सगळ्यात क्रूरपणे पाहिलं. ५ ते ९ तारखेपर्यंत थंड, स्थिर हवा, वर गरम हवेचं झाकण, घराघरांतून कोळसा. सुरुवातीला चार हजार मृत्यू मोजले गेले. पुढच्या फेरहिशोबात आकडा बारा हजारांच्या आसपास गेला. १९५६मध्ये धुराला आळा घालणारा कायदा झाला. पण सल्फर डायऑक्साइडचं इतक्या झपाट्याने आम्ल झालं कसं, हे समजायला २०१६ उजाडलं. डिसेंबरात ऊन नव्हतं, म्हणजे हायड्रॉक्सिल फारसा नव्हता. चीनमधल्या धुरक्याची मोजमापं आणि प्रयोगशाळेतलं काम एकत्र करून उत्तर पुढे आलं: धुक्याच्या थेंबांत विरघळलेला नायट्रोजन डायऑक्साइड तिथे गंधकाचं ऑक्सिडीकरण करत होता. लंडनचे थेंब मोठे, त्यात आम्ल पातळ राहिलं आणि क्रिया चालू राहिली. धुकं आटलं तेव्हा पाणी उडालं आणि तीव्र आम्लाचे कण मागे राहिले, लोक श्वास घेत होते त्याच हवेत. बारा हजार माणसं कशाने गेली त्याचं रासायनिक उत्तर मिळायला चौसष्ट वर्षं लागली, याची मला अजून टोचणी लागते.

लंडनसारखी आपत्ती नसतानाही कण मारतात, हे सिद्ध करणं जास्त कठीण होतं. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या एका खोऱ्यातला पोलादाचा कारखाना १९८६-८७मध्ये कामगारांच्या वादामुळे तेरा महिने बंद राहिला. आर्डेन पोप या अर्थशास्त्रज्ञाने रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या: कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारांनी दाखल होणारी मुलं बंद हिवाळ्यापेक्षा दोन-तीन पटींनी जास्त होती. मग १९९३मध्ये हार्वर्डचा सहा शहरांचा अभ्यास आला. आठ हजारांवर प्रौढ, चौदा ते सोळा वर्षं पाठपुरावा, धूम्रपान वगैरे सगळं वजा करून; सर्वांत दूषित शहरात मृत्यूचा धोका सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त. आज जे काही नियम आहेत त्यांच्या पाठीशी हे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये पीएम २.५ची वार्षिक मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली.

कणांची दुसरी बाजू हवामानाची. सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवतात, ढगांचे थेंब बारीक आणि जास्त करून ढग उजळ करतात. १९९१मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पृथ्वी काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली. आपल्या धुराड्यांनीही तापमानवाढीचा काही भाग असा झाकून ठेवला आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली आणि समुद्रावरच्या ढगांत जहाजांच्या उजळ रेघा कमी झाल्या. याचा दाखला देऊन कुणी म्हणतं की मग हवा साफ करायची घाई कशाला. हा युक्तिवाद मला सहन होत नाही. कण आठवड्यात जातात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. कुणाच्या तरी फुप्फुसांतून सावली विकत घेऊन आपण तापमानवाढ फक्त लपवू शकतो. कार्बन कमी करायचा आणि कणही कमी करायचे, दोन्ही एकदम.

२०२०च्या सुरुवातीला चीनमध्ये टाळेबंदी झाली आणि जगात कधी कुणी केला नसता असा प्रयोग झाला. पूर्वेकडच्या शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड निम्म्याच्या आसपास उतरला. तरीही फेब्रुवारीत बीजिंगवर दाट धुरकं होतं. हवा दमट आणि स्थिर होती, हे एक. दुसरं म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड घटल्यामुळे त्यांनी दाबून ठेवलेला ओझोन वाढला, ऑक्सिडीकरणाची ताकद वाढली, आणि जे थोडे वायू उरले होते त्यांचे कण पूर्वीपेक्षा जास्त कार्यक्षमतेने झाले. रस्ते रिकामे, आभाळ भरलेलं. आधीच्या वर्षांतही तिथे असंच काहीसं दिसलं होतं: २०१३ नंतर कण झपाट्याने घटले, उन्हाळ्यातला ओझोन मात्र वाढला, आणि त्याचं एक कारण असं मांडलं गेलं की रॅडिकल शोषून घेणारे कणच कमी झाले होते.

शहरांतल्या सेंद्रिय वाफांचंही चित्र बदललं आहे. गाड्यांचा धूर जसजसा स्वच्छ झाला तसतसा रंग, अत्तरं, गोंद, साफसफाईची द्रावणं यांचा वाटा वर आला. २०१८च्या एका अभ्यासात औद्योगिक देशांतल्या शहरांत तो खनिज तेलापासून येणाऱ्या अशा एकूण वाफांच्या सुमारे निम्मा निघाला. हे वाचल्यावर कुणी अत्तर लावणं सोडावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. कारखान्यांनी कमी उडणारी द्रावकं वापरावीत, हे काम कारखान्यांचं आणि नियम करणाऱ्यांचं आहे.

म्हणून नुसत्या वजनावर माझं समाधान होत नाही. आज बहुतेक ठिकाणी जाहीर होतो तो एका घनमीटरमधल्या कणांच्या वजनाचा आकडा. त्यातला किती भाग काजळीचा, किती नायट्रेटचा, किती सेंद्रिय, हे त्यात नसतं. आणि उपाय मात्र सगळा त्यावरच ठरतो. नायट्रेट असेल तर अमोनियालाही हात घालावा लागेल, काजळी असेल तर चुलींना आणि डिझेलला. घटक मोजणारी आणि वायू व कण एकाच जागी वर्षानुवर्षं मोजणारी केंद्रं फार थोडी आहेत. हवा जिथे जास्त वाईट आहे तिथे बहुधा त्याहून थोडी.

आणि अतिसूक्ष्म कण, ०.१ मायक्रॉनहून लहान, वजनात जवळपास येतच नाहीत. संख्येत मात्र बहुतांश तेच असतात. ते फुप्फुसांतून रक्तात उतरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये त्यांच्यासाठी मर्यादा घातली नाही, पण ते मोजायला सुरुवात करा असं सांगितलं, आणि दिवसाची सरासरी घनसेंटिमीटरला दहा हजारांच्या वर गेली तर ती जास्त समजावी, असं म्हटलं. कण वजनाने नव्हे तर संख्येने मोजायचं साधन नवं नाही. जॉन एटकिन या स्कॉटिश संशोधकाने १८८०च्या दशकात दमट हवा एकदम प्रसरण पावू देऊन प्रत्येक कणावर थेंब धरवला आणि ते थेंब भिंगाखाली एकेक करून मोजले. शहरात लाखाच्या घरात, डोंगरमाथ्यावर काही शेकडे. आजचे कणमोजक त्याच तत्त्वावर चालतात, सेकंदागणिक आकडा देतात. हवा मोजणाऱ्या बहुतेक सरकारी केंद्रांत ते अजून बसवलेले नाहीत.